एअर-कूल्ड इंजिनाला टर्बो: आधी तेलाची परतवाट

इंजिनाचं कॉम्प्रेशन (सिलिंडरमध्ये हवा किती दाबली जाते) आणि लीकडाउन (त्यातून दाब किती गळतो) तपासून झालं आहे असं धरतो. दमलेल्या इंजिनावर टर्बो (एक्झॉस्टच्या जोरावर इंजिनात जादा हवा कोंबणारा पंखा) चढवू नका. इथे जुनी पोर्शे ९११ समोर ठेवली आहे.

पिस्टन कमी कॉम्प्रेशनचेच घाला. १९७५ च्या ९११ टर्बोत कारखान्याने ३ लिटरच्या इंजिनाचं कॉम्प्रेशन ६.५:१ ठेवलं होतं. १९७८ मध्ये ३.३ लिटरचं इंजिन आणि टर्बोची हवा थंड करणारा इंटरकूलर आला, तरी ते ७:१ वरच थांबलं. भोवती पाणी खेळत नाही, त्यामुळे हेड तापलेलंच राहतं आणि नॉकिंग (मिश्रण आपोआप भडकून ठोके बसणं) लवकर सुरू होतं. ‘बूस्ट (टर्बोने चढवलेला हवेचा दाब) कमी ठेवू, जुने पिस्टन चालतील’ हा सल्ला ऐकू नका.

हेड आवळून धरणारे स्टड नवे टाका. जादा ऑइल कूलर लावा. बूस्ट चढेल तसं इग्निशन मागे घ्या, म्हणजे ठिणगी उशिरा पाडा; मिश्रण रिच, म्हणजे पेट्रोल जास्त ठेवा.

आता खरी अडचण. टर्बोला तेल पोचवणं सोपं, परत आणणं कठीण. टर्बोतून तेल फेस होऊन निघतं आणि फक्त स्वतःच्या वजनाने खाली पडतं. परतीचा पाइप जाड हवा, उतरता हवा, कुठेही वर चढता कामा नये. या गाडीत टर्बो इतका खाली बसतो की ऑइलची टाकी त्याच्याहून उंचावर राहते. म्हणूनच कारखान्याने कॅमशाफ्टवर चालणारा वेगळा पंप देऊन तेल उपसलं. तो पंप गाळून पैसे वाचवायला जाऊ नका.

माझ्या पहिल्या गाडीत पंप होता, तरी रोज सकाळी सायलेन्सरमधून निळा धूर यायचा. एका गॅरेजने पिस्टनच्या रिंगा गेल्याचं सांगितलं. मी मात्र सील गेले समजून दोन टर्बो बदलले. दोष भलतीकडेच होता. गाडी उभी असताना टाकीतलं तेल फीडच्या, म्हणजे टर्बोला तेल पोचवणाऱ्या, पाइपातून रात्रभर टर्बोत झिरपत होतं. टर्बोचे सील पिस्टनच्या रिंगांसारखे असतात, साचलेलं तेल ते अडवत नाहीत. फीडच्या पाइपात एकदिशा व्हॉल्व्ह बसवला आणि धूर थांबला. हा व्हॉल्व्ह पहिल्याच दिवशी बसवा.

पहिल्यांदा चालवल्यावर गाडी रात्रभर उभी ठेवा. सकाळी सुरू करण्याआधी टर्बोच्या मागचा पाइप उतरवून आत बोट फिरवा. काजळी कोरडी लागली, तरच बूस्ट वाढवा.