प्रॅक्टिस टीचिंगचे पहिले आठवडे: सहावी-सातवीचा वर्ग हातातून कुठे सुटतो

प्रॅक्टिस टीचिंगला, म्हणजे शिक्षक होण्याचं प्रशिक्षण घेताना शाळेत प्रत्यक्ष शिकवायच्या सरावाला गेलात की पहिला आठवडा तुम्हाला बहुतेक शेवटच्या बाकावर बसवतील आणि निरीक्षण करा म्हणतील, आणि तुम्ही निरीक्षण वहीत "प्रस्तावना छान केली, फळ्याचा वापर योग्य" असलं काहीतरी लिहाल. मीपण तेच लिहिलं होतं. त्याचा पुढे काडीचा उपयोग झाला नाही.

त्याऐवजी घड्याळ बघत बसा. बेल झाल्यापासून खरंच शिकवायला सुरुवात होईपर्यंत किती मिनिटं जातात, वह्या गोळा करताना बाई कुठे उभ्या असतात, बोलता बोलता मध्येच गप्प कधी होतात, कोणाकडे नुसतं बघून पुढे जातात, हे टिपा. कारण वर्ग शिकवताना फारसा बिघडत नाही, तो बिघडतो मधल्या मोकळ्या मिनिटांत, म्हणजे एक काम संपलंय आणि दुसरं अजून सुरू व्हायचंय तेव्हा. अनुभवी शिक्षकांची ही मिनिटं इतकी सहज निघून जातात की आपल्याला काही घडलंय असंच वाटत नाही, म्हणून मुद्दाम बघावं लागतं.

याच आठवड्यात बाकांचा नकाशा काढा आणि नावं पाठ करा. वह्या वाटायचं काम मागून घ्या, नावं लवकर बसतात. "ए निळ्या दप्तरवाल्या" म्हणून हाक मारलीत तर तो ऐकणारच नाही, का ऐकावं त्याने?

आता माझ्या पहिल्या तासाची गोष्ट. टाचण, म्हणजे तासात काय कसं शिकवायचं त्याचा लेखी आराखडा, झकास होतं, चार-चारचे गट, प्रत्येक गटाला एक कागद, सगळं तयार. मी म्हटलं "चला, गट करा", आणि बाकं सरकायला लागली, त्या आवाजातच मी कागद वाटले आणि वाटता वाटताच काय करायचं ते सांगत होते. मग सुरू झालं, "मॅडम, काय करायचं?" "मॅडम, आम्ही पाच जण आहोत", "मॅडम, पेननी की पेन्सिलनी?" प्रत्येक बाकाशी जाऊन तेच तेच सांगत फिरले, नऊ मिनिटं गेली आणि घसा बसला तो वेगळा.

त्यानंतर मी क्रम बदलला तो आजपर्यंत तोच आहे. मुलं जागेवर असताना, हात रिकामे असताना, आधी सगळं सांगायचं: काय करायचं, किती मिनिटं, बोलायचं की गप्प राहून, आणि लवकर झालं तर पुढे काय (हे शेवटचं विसरलात तर हुशार पोरंच आधी दंगा करतात). मग एखाद्याला उठवून विचारायचं, आधी काय करायचंय सांग बरं. त्याला जमलं नाही तर चूक आपली, परत सांगायचं. मग कागद, आणि एकदम शेवटी "सुरू करा". कागद हातात पडला की कान बंद होतात, मोठ्या माणसांचेही होतात.

जेकब कौनिन म्हणून अमेरिकन मानसशास्त्रज्ञ होते, त्यांनी वर्गांचं चित्रीकरण करून अभ्यास केला आणि 1970 मध्ये निष्कर्ष मांडले. मुलांनी गडबड केल्यावर शिक्षक कसे रागावतात यावरून चांगला वर्ग आणि विस्कटलेला वर्ग वेगळे काढता येईनात, फरक होता गडबड होण्याआधीच्या गोष्टींत, म्हणजे शिक्षकाचं सगळ्या वर्गावर लक्ष आहे का आणि एका कामातून दुसऱ्यात जाताना अडखळायला होतं का. मला हे आधी कोणी सांगितलं असतं तर रागवायची प्रॅक्टिस आरशासमोर केली नसती.

रागवण्यावरून आठवलं, ही मुलं अकरा ते तेरा वर्षांची, मित्रांसमोर मान खाली जाणं त्यांना मार्क जाण्यापेक्षा जड वाटतं. एक मुलगा सारखा पेन टकटक करत होता, मी सगळ्यांसमोर विचारलं "काय चाललंय?" तो म्हणाला "काही नाही" आणि अख्खा वर्ग हसला, म्हणजे मीच त्याला स्टेज दिलं होतं. दुसऱ्या दिवशी परत टकटक सुरू झाल्यावर मी धडा वाचत वाचतच त्याच्या बाकाजवळ गेले, वाचन न थांबवता बाकावर एक बोट ठेवलं, आणि पुढे निघून गेले. थांबलं. कोणाला कळलंही नाही.

प्रश्न विचारलात की थांबा. मेरी बड रो या संशोधिकेने 1970 च्या दशकात विज्ञानाच्या तासांची रेकॉर्डिंग ऐकून दाखवून दिलं होतं की शिक्षक प्रश्नानंतर सरासरी सेकंदभरच थांबतात, आणि तेच 3 सेकंद थांबलं तर उत्तरं लांब येतात, एरवी गप्प बसणारी मुलंही बोलायला लागतात. 3 सेकंद ऐकायला काहीच नाही, पण वर्गासमोर उभं राहून थांबून बघा, युग लोटल्यासारखं वाटतं. मी मनात आकडे मोजते.

तास 40 मिनिटांचा असेल तर टाचण 30 चंच करा, आणि वेळ कमी पडला तर काय गाळायचं तिथे आधीच पेन्सिलने खूण करून ठेवा.

"आमच्या बाई असं करत नाहीत" हे ऐकायला मिळणारच. वाद घालू नका, वर्ग त्यांचाच आहे, त्यांचे नियम तसेच चालू ठेवा. सोशल मीडियावर मुलांच्या रिक्वेस्ट घेऊ नका. आणि एखाद्या मुलाने घरचं काही गंभीर सांगितलं तर "कोणाला सांगणार नाही" असं वचन देऊन बसू नका, त्याच दिवशी मार्गदर्शक शिक्षकांच्या कानावर घाला.

त्यांच्याकडून अभिप्राय घेतानाही "कसा झाला पाठ?" विचारलंत तर "बरा झाला" एवढंच मिळेल. तासाआधीच सांगून ठेवा, आज फक्त माझ्या सूचना ऐका, किती वेळा तेच तेच सांगितलं ते मोजा. माझ्या बाईंनी मोजलं होतं. अकरा.