शाळेतल्या मॅडमना-सरांना स्पेशल बी.एड. करायचंय? मग मुख्याध्यापक आणि केंद्रप्रमुखांनी एवढं करा

आपल्याकडे जळगाव, धुळे, नंदुरबारला नोकरीत असलेले कितीतरी शिक्षक विशेष शिक्षणाचा, म्हणजे दिव्यांग मुलांना शिकवण्याचा कोर्स करायला तयार असतात, पण अर्ध्यात सुटतो, आणि अभ्यास त्यांना जड नसतो हो, शाळा कोण सांभाळणार हेच ठरलेलं नसतं. म्हणून हे कोर्स करणाऱ्यापेक्षा त्याच्या आजूबाजूच्यांसाठी लिहितेय.

आधी एक गोष्ट क्लिअर करून घ्या. दीक्षा पोर्टलवरचं निष्ठा हे ऑनलाइन शिक्षक प्रशिक्षण, डाएटची म्हणजे जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्थेची दोन-तीन दिवसांची कार्यशाळा हे सगळं चांगलंच आहे, प्रत्येकाने करावं, पण त्या सर्टिफिकेटवर कोणी विशेष शिक्षक होत नाही. भारतीय पुनर्वास परिषद म्हणजे आरसीआय, तिचा 1992 चा कायदा आहे आणि त्यात विशेष शिक्षकाचं नाव केंद्रीय पुनर्वास नोंदवहीत असावंच लागतं, ज्याला सगळे सीआरआर नंबर म्हणतात. नोंदणीशिवाय हे काम केलं तर शिक्षेची तरतूद पण आहे. आणि साधं बी.एड. असलं तरी ते इथे चालत नाही, आरसीआयची मान्यता असलेलं डी.एड. स्पेशल किंवा बी.एड. स्पेशलच लागतं. डी.एड. ला बारावी, बी.एड. ला पदवी.

गरज किती आहे ते बघा, सुप्रीम कोर्टाने 2021 मध्ये विशेष शिक्षकांबद्दल निकाल दिला आणि जून 2022 मध्ये केंद्र सरकारने प्रमाण ठरवलं, प्राथमिकला 10 दिव्यांग मुलांमागे 1 शिक्षक आणि उच्च प्राथमिकला 15 मागे 1. आपल्या तालुक्यात हे प्रमाण आहे का ते तुम्हीच मोजा!

आता कोर्स निवडणं. आयडीडी म्हणजे बौद्धिक आणि विकासात्मक अक्षमता, एचआय कर्णबधिर मुलांसाठी, व्हीआय अंध आणि अल्पदृष्टीसाठी, असे वेगवेगळे गट असतात. मैत्रिणीने केलं म्हणून तेच घेऊ नका. केंद्रातल्या सगळ्या शाळांचे हजेरीपट घेऊन बसा, कुठल्या प्रकारची मुलं जास्त आहेत ते बघा आणि मग ठरवा, हे काम केंद्रप्रमुखांनी एका दुपारी करून दिलं तर त्या शिक्षकाची पुढची दोन वर्षं योग्य ठिकाणी लागतात. कॉलेज निवडताना आरसीआयच्या वेबसाईटवर त्या संस्थेला, त्याच कोर्सला, त्याच वर्षासाठी मान्यता आहे का हे स्वतः उघडून बघा, एजंट फोनवर काहीही सांगतात. नाशिकच्या मुक्त विद्यापीठाने हे बी.एड. दूरस्थ पद्धतीने चालवलेलं आहे, नोकरीवाल्यांना ते सोयीचं, पण तिथेही चालू वर्षाचा प्रवेश आणि मान्यता बघूनच पैसे भरा.

परवानगीचा अर्ज प्रवेशाच्या आधी. मुख्याध्यापकांमार्फत केंद्रप्रमुख, गटशिक्षणाधिकारी आणि वर शिक्षणाधिकारी असा जाऊ द्या, प्रत्येक ठिकाणची पोच घ्या. नंतर सेवापुस्तकात नोंद करताना हाच कागद लागतो.

सगळ्यात अवघड भाग प्रॅक्टिकलचा. दूरस्थ असलं तरी संपर्क सत्रं असतात, विशेष शाळेत पाठ घ्यावे लागतात, एका मुलाची केस स्टडी असते. धडगाव, अक्कलकुवाकडे द्विशिक्षकी शाळा, एक मॅडम गेल्या की दुसऱ्या सरांवर चार वर्ग येतात, मग रजा मागायलाच लाज वाटते. केंद्रप्रमुखांनी सत्राच्या तारखा वर्षाच्या सुरुवातीलाच मागून घ्याव्या आणि त्या दिवसांपुरता शेजारच्या शाळेतला शिक्षक कामगिरीवर द्यावा, आदल्या रात्री फोनाफोनी करून होत नाही हे.

केस स्टडीसाठी मूल निवडताना घरचे दिवाळीनंतर ऊसतोडीला जातात का हे पहिले विचारा. जात असतील तर जूनमध्येच सुरुवात करा आणि मूल निघताना आईबापाला करून दाखवा की रोज काय करून घ्यायचं, नाहीतर त्या मुलासाठी बनवलेला शिकवण्याचा आराखडा निम्म्यात अडकतो आणि मुलाचंही नुकसान. दुसरं म्हणजे घरची भाषा. पावरा किंवा भिली बोलणारं मूल पहिलीत मराठी सूचना ऐकून गप्प बसलं तर लगेच बौद्धिक अक्षमतेचा शिक्का नको. मुलाला रोजच्या कामातलं काय काय जमतं ते तपासणारी एफएसीपीसारखी चेकलिस्ट भरताना प्रश्न घरच्या भाषेत विचारा, अंगणवाडी ताईंना सोबत घ्या. आई म्हणते ना, "घरमा त्याले सगळं समजस", ते पण लिहून घ्या आणि घरी जाऊन बघा.

वैयक्तिक शैक्षणिक आराखडा लिहिताना बहुतेकांची गाडी इथेच अडते. "गणित सुधारेल" असं उद्दिष्ट लिहिलं की परीक्षक विचारतात, किती, कसं, कधी? त्याऐवजी असं लिहा: समोर 10 बिया ठेवल्या आणि "5 दे" म्हटलं की 5 वेळांपैकी 4 वेळा बरोबर 5 मोजून देईल, मदतीशिवाय, महिनाअखेरपर्यंत. बिया चिंचेच्या, सीताफळाच्या, काहीही चालतील. आज किती जमतं ते शेजारी तारीख टाकून लिहा, दर आठवड्याला पुन्हा बघा. मुख्याध्यापकांनी ही वही महिन्यातून एकदा नुसती वाचली तरी शिकणाऱ्याला बळ येतं, आणि शिक्षण परिषदेत त्यांना पंधरा मिनिटं द्या, हाच आराखडा सगळ्यांपुढे मांडू दे, बाकी शाळांनाही उपयोग होतो.

फीचं आधीच बोलून घ्या, पतपेढीचं कर्ज काढायचं असेल तर जामीनदार व्हायला सोबतचेच लागतात.

निकाल लागला म्हणजे झालं असं नाही. गुणपत्रकं आली की लगेच आरसीआयच्या पोर्टलवर सीआरआर नोंदणीचा अर्ज करायला बसवा, शाळेतल्या कॉम्प्युटरवर बसून केला तरी चालतं. कागदांवरचं नाव सगळीकडे सारखं हवं, लग्नानंतर नाव बदललेल्या मॅडमनी राजपत्र किंवा विवाह नोंदणीचा दाखला हाताशी ठेवावा. प्रमाणपत्र आलं की प्रत सेवापुस्तकाला आणि एक गटसाधन केंद्रात द्या. पुढे नूतनीकरणाला सीआरई पॉइंट्स लागतात, ते आरसीआयमान्य कार्यशाळा केल्या की मिळतात, त्यामुळे अशा कार्यशाळांची पत्रं आली की ती फाईलला लावायच्या आधी त्या मॅडमना व्हॉट्सॲप करा.