परफॉर्मन्स कारसाठी इंजिन ऑइल कसे निवडावे

ऑइलच्या कॅनची पुढची बाजू विकणाऱ्यासाठी असते आणि मागची वापरणाऱ्यासाठी. पुढे ‘रेसिंग’, ‘अल्ट्रा’, ‘मॅक्स’ असे शब्द ठळक छापलेले असतात, पण कोणत्याही मानकात त्यांना अर्थ नाही. ते ऑइल आपल्या इंजिनात घालावे की नाही, हे मागच्या बारीक अक्षरांतले आकडे आणि संकेतांक ठरवतात. म्हणून कॅन हातात आला की आधी तो फिरवून मागची बाजू वाचावी.

त्याहीपूर्वी गाडीचे मॅन्युअल उघडावे. त्यात दोन गोष्टी शोधायच्या असतात. एक म्हणजे दाटपणाचा ग्रेड, जसे ०डब्ल्यू-४०, आणि दुसरी म्हणजे गाडीच्या उत्पादकाचे स्वतःचे मानक, जसे मर्सिडीज-बेंझचे २२९.५, बीएमडब्ल्यूचे लाँगलाइफ-०१ किंवा पोर्शचे ए४०. बहुतेक जण ग्रेड लक्षात ठेवतात आणि मानक विसरतात. माझ्या मते महत्त्व याच्या उलट क्रमाने द्यायला हवे, कारण ग्रेड केवळ दाटपणा सांगतो, तर मानकामागे झीज, गाळ आणि उष्णतेतला टिकाऊपणा यांच्या चाचण्या असतात. कॅनवर मानकाचा उल्लेख कोणत्या शब्दांत केला आहे, तेही पाहावे. ‘मंजूर’ असे लिहिले असेल, तर गाडीच्या उत्पादकाने त्या ऑइलला मान्यता दिलेली असते. ‘या मानकासाठी योग्य’ असे लिहिले असेल, तर तो ऑइल बनवणाऱ्याचा स्वतःचा दावा असतो. दावा खोटाच असतो असे नाही, परंतु गाडी वॉरंटीत असेल तर मंजुरी असलेलेच ऑइल घ्यावे.

ग्रेडमधला पहिला आकडा थंडीतल्या वागणुकीचा असतो आणि त्यापुढचा ‘डब्ल्यू’ म्हणजे विंटर. थंड इंजिन फिरवण्याची चाचणी ०डब्ल्यू ऑइलसाठी उणे ३५ अंश सेल्सिअसला, ५डब्ल्यूसाठी उणे ३० अंशांना आणि १०डब्ल्यूसाठी उणे २५ अंशांना होते. हवामान उष्ण असले तरी हा आकडा अगदीच दुर्लक्षित करू नये, कारण रात्रभर उभ्या राहिलेल्या गाडीतले ऑइल तापलेल्या ऑइलपेक्षा सगळीकडेच कितीतरी दाट असते.

दुसऱ्या आकड्यावर मात्र जरा थांबायला हवे. १०० अंशांवर ऑइलचा दाटपणा ९.३ ते १२.५ सेंटिस्टोक्सच्या (दाटपणा मोजण्याचे एकक) मध्ये असेल तर ते ३० ग्रेडचे, आणि १२.५ ते १६.३ च्या मध्ये असेल तर ४० ग्रेडचे मानले जाते. म्हणजे १२.२ चे ‘३०’ आणि १२.८ चे ‘४०’ यांच्यात नावाला मोठा, पण प्रत्यक्षात नगण्य फरक असतो, तर ९.५ चे ‘३०’ आणि १२.२ चे ‘३०’ यांचे नाव एक असूनही स्वभाव वेगळा असतो. म्हणूनच निवड दोन-तीन ऑइलवर आली की प्रत्येकाचे तांत्रिक माहितीपत्रक उतरवून घ्यावे आणि त्यात ‘एचटीएचएस’ हा आकडा शोधावा. क्रँकशाफ्ट (पिस्टनच्या हालचालीने फिरणारा दांडा) आणि त्याला आधार देणारे बेअरिंग यांच्यामध्ये केसाहून कितीतरी पातळ असा ऑइलचा थर असतो, आणि इंजिन जोरात फिरत असताना हाच थर धातूला धातूपासून दूर ठेवतो. १५० अंशांवर प्रचंड वेगाने घासले जात असताना तो थर किती दाट राहतो, हे एचटीएचएस सांगतो. ३० ग्रेडसाठी त्याची किमान मर्यादा २.९ मिलिपास्कल-सेकंद आहे, परंतु एसीईए या युरोपीय वाहन-उत्पादक संघटनेच्या ए३/बी४ आणि सी३ या वर्गांत किमान ३.५ लागते. एकाच फळीवर शेजारी ठेवलेले ५डब्ल्यू-३० चे दोन कॅन या बाबतीत अशा रीतीने दोन वेगळ्या जातीचे असू शकतात. मॅन्युअलमध्ये ए३/बी४ मागितले असेल आणि कोणी ‘३० म्हणजे ३०’ असे सांगत असेल, तर त्याचे ऐकू नये.

येथेच ‘दाट तितके चांगले’ हा समज डोके वर काढतो. बीएमडब्ल्यूच्या ई४६ एम३ साठी १०डब्ल्यू-६० ठरवलेले होते, हे खरे. पण ते त्या इंजिनासाठी होते. गरजेपेक्षा दाट ऑइल सुरुवातीला वरच्या भागांपर्यंत उशिरा पोहोचते, स्वतःच्याच घर्षणाने अधिक तापते, आणि ऑइलच्या दाबावर चालणारी व्हॉल्व्ह टायमिंगची यंत्रणा त्यामुळे अडखळू शकते. दाबाचा काटा वर दिसतो म्हणून बेअरिंगला अधिक ऑइल मिळते आहे, असा अर्थ त्यातून निघत नाही.

यानंतर आपल्या इंजिनाचा प्रकार लक्षात घ्यावा. थेट इंधन-फवारणीच्या टर्बो इंजिनात कमी फेऱ्यांवर अचानक पूर्ण अ‍ॅक्सिलरेटर दाबला, तर मिश्रण ठिणगीआधीच पेटण्याचा धोका असतो आणि त्यातून पिस्टन फुटू शकतो. ऑइलमधल्या कॅल्शियमयुक्त डिटर्जंटमुळे, म्हणजे इंजिन आतून स्वच्छ ठेवणाऱ्या रसायनामुळे, हा धोका वाढतो. अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूटच्या (एपीआय) २०२० मध्ये आलेल्या एसपी दर्जात याची चाचणी समाविष्ट आहे, तेव्हा अशा गाडीत त्याहून जुन्या दर्जाचे ऑइल स्वस्त मिळाले तरी घालू नये. एक्झॉस्टमध्ये कण अडवणारा फिल्टर असेल, तर कमी राख सोडणारे एसीईएच्या सी वर्गातले ऑइल लागते. सपाट टॅपेटच्या, म्हणजे कॅमशाफ्टचे उंचवटे टॅपेटवर थेट घासत फिरतात अशा, जुन्या इंजिनांची गरज याच्या उलट असते: त्यांच्या कॅमशाफ्टला जस्त-फॉस्फरसचे संयुग भरपूर लागते, आणि एसपी दर्जाच्या ५डब्ल्यू-३० मध्ये फॉस्फरस ०.०८ टक्क्यांच्या वर जाऊ दिला जात नाही. अशा इंजिनांसाठी वेगळी ऑइल मिळतात. वरून बाटलीभर अ‍ॅडिटिव्ह ओतणे हा त्यावरचा उपाय नव्हे. सिंथेटिक की मिनरल, हा प्रश्न आधुनिक परफॉर्मन्स कारपुरता मिटलेला आहे: सिंथेटिकच.

गाडी ट्रॅकवर नेणार असाल, तर ऑइलच्या तापमानाचा काटा पाहण्याची सवय लावून घ्यावी. पाण्याचा काटा स्थिर दिसत असतानाही ऑइल तापतच असते. ते वारंवार १३० अंशांच्या वर जात असेल, तर मॅन्युअलमध्ये परवानगी असल्यास पुढचा ग्रेड घ्यावा, पण त्याआधी ऑइल कूलरचा विचार करावा. केवळ शर्यतीसाठी बनवलेल्या ऑइलमध्ये डिटर्जंट बहुधा कमी असतात, कारण ते थोड्याच तासांत बदलले जाईल असे गृहीत धरलेले असते. रोज ऑफिसला जाणाऱ्या गाडीत ते महिनोन्महिने ठेवू नये.

भरताना गाडी सपाट जागी ठेवावी, थोडा वेळ थांबावे, डिपस्टिक पुसून पुन्हा घालावी आणि मगच पातळी वाचावी. ती वरच्या खुणेच्या जवळ असावी, पण वर नसावी, कारण जादा ऑइलला क्रँकशाफ्ट घुसळते आणि त्यात फेस होतो.

निवड बरोबर ठरली का, हे पुढच्या ऑइल बदलाच्या वेळी कळते. जुन्या ऑइलचा नमुना प्रयोगशाळेत पाठवावा. इंजिन गरम असताना ऑइल सोडावे, सुरुवातीची धार जाऊ द्यावी आणि मधल्या धारेखाली स्वच्छ बाटली धरावी. अहवालात दाटपणा घसरलेला आणि इंधनाचे प्रमाण वाढलेले दिसले, तर ब्रँड बदलण्याआधी ऑइल बदलण्याचे अंतर कमी करावे. शिसे किंवा तांबे वाढत चालले असेल, तर बेअरिंग तपासून घेईपर्यंत गाडी ट्रॅकवर नेऊ नये.