विषय नोंदवण्याआधी रुमाल सोडून बघा

पीएच.डी.साठी मी पहिला विषय घेतला होता तो उत्तर पेशवाईतल्या पुण्याच्या बाजारातल्या धान्याच्या भावांचा. सरांनाही आवडला होता. पेशवे दफ्तर, म्हणजे पेशव्यांच्या कारभाराचे रुमालांत (कापडी गठ्ठ्यांत) बांधून ठेवलेले मोडी लिपीतले कागद, पुण्यातच, मोडीची परीक्षा पास झालेली, मग अडणार कुठे?

वर्गातली मोडी सुटी आणि ठळक असते. दफ्तरातल्या कारकुनाने आधी पानभर रेघ ओढून घेतलेली आणि तिच्याखाली बोरू न उचलता सरसर लिहीत गेलेला. शब्द तोडलेले नाहीत, ऱ्हस्व-दीर्घ पाळलेलं नाही. पहिल्या दिवशी पाच तासांत दीड पान वाचता आलं. साल होतं ‘खमस तिसैन मया व अलफ’. अरबी आकडे ते: पाच, नव्वद, शंभर, हजार. म्हणजे त्या कागदांतल्या कालगणनेचा, शुहूर सनाचा, ११९५, इसवी १७९४-९५. निजामाशी झालेल्या खर्ड्याच्या लढाईचं साल हातात आहे हे उमगलं तेव्हा अंगावर काटा आला.

डोळा सरावतो. तीन महिन्यांत मी दिवसाला आठ-दहा पानांवर आले, तेव्हा लिपीला घाबरून विषय सोडू नका. माझं गाडं अडलं ते नाण्यांवर आणि मापांवर. रुपया चांदवडी की अंकुशी, हे कधी लिहिलेलं, कधी नाही, बट्टा (नाणं बदलताना होणारी कपात) वेगवेगळा. पायली नि मण ही धान्याची मापं गावागणिक निराळी. दोन भाव शेजारी मांडायचे तर दर वेळी चार गोष्टी गृहीत धरायच्या. अशा कोष्टकावर माझाच विश्वास बसेना. सात महिने गेले होते, विषय सोडताना रडू आलं.

मग श्रावणात पर्वतीजवळच्या रमण्यात (बंदिस्त आवारात) वाटल्या जाणाऱ्या दक्षिणेचे हिशेब घेतले. प्रसंग दरसाल तोच, कारकुनाची वाक्यंही ठरलेली, त्यामुळे वाचन भराभर होतं. मुख्य म्हणजे कोणाला किती दिलं, या माझ्या प्रश्नाचं उत्तर त्याच कागदात असतं.

तुम्ही नाव नोंदवण्याआधी पंधरा दिवस काढाच. आधी सरदेसायांनी संपादित केलेल्या पेशवे दफ्तराच्या ४५ खंडांत (१९३० ते १९३४) तुमच्या विषयाचं काय छापलंय ते चाळा. ते बाळबोधीत, म्हणजे देवनागरीत आहे. मग तुमच्या कालखंडाच्या सुरुवातीचा, मधला आणि शेवटचा असे तीन रुमाल मागवा. प्रत्येकातली पाच पानं पूर्ण उतरवा, आवडीची निवडू नका. वहीत उजवीकडे एक रकाना ठेवा आणि तुमच्या प्रश्नाला लागणारं जे जे पानात नाही ते तिथे लिहा. पंधरा पानांनंतर तो रकाना घेऊन सरांकडे जा.