धावपट्टीची पिवळी रेषा ओलांडण्यापूर्वी: शिकाऊ वैमानिकांसाठी रेडिओसंवाद

रेडिओचे बटण दाबण्याआधी काही क्षण नुसते ऐकावे. विमानवाहतुकीतील व्हीएचएफ (अतिउच्च वारंवारतेचा रेडिओ) संवाद एकाच फ्रिक्वेन्सीवर सर्वांना सामायिक असतो; दोघांनी एकाच वेळी बटण दाबले, तर ऐकणाऱ्याच्या कानी बहुधा कर्कश शिट्टीच येते आणि दोन्ही संदेश वाया जातात. २७ मार्च १९७७ रोजी स्पेनच्या टेनेरिफ बेटावर दोन जंबो विमानांची धावपट्टीवर टक्कर होऊन ५८३ जण मृत्युमुखी पडले. त्या दिवशी धुक्यात टॉवरचा (विमानतळावरील नियंत्रण कक्षाचा) ‘थांबा’ हा संदेश आणि दुसऱ्या विमानाने दिलेला इशारा एकमेकांवर आदळले, आणि उड्डाणासाठी धावू लागलेल्या विमानाच्या कॉकपिटमध्ये ते धड ऐकूच आले नाहीत. ‘टेकऑफ’ हा शब्द आज केवळ उड्डाणाची परवानगी देताना किंवा ती रद्द करतानाच वापरला जातो. म्हणून धावपट्टीअलीकडच्या पिवळ्या रेषेपाशी तयार उभे असताना आपण ‘रेडी फॉर डिपार्चर’ म्हणावे, ‘रेडी फॉर टेकऑफ’ कधीही म्हणू नये.

आपला संदेश आधी मनात जुळवावा आणि मग बोलावे. कोणाला हाक मारतो आहोत, आपण कोण, कुठे आहोत आणि काय हवे आहे, एवढे त्यात पुरेसे असते: ‘टॉवर, अल्फा ब्रावो चार्ली, होल्डिंग पॉइंट ब्रावो, रनवे टू सेव्हन, रेडी फॉर डिपार्चर.’ (होल्डिंग पॉइंट म्हणजे धावपट्टीअलीकडची थांबण्याची जागा, ‘रनवे टू सेव्हन’ म्हणजे धावपट्टी क्रमांक २७.) अनेक देशांत कॉलसाइनबरोबर (विमानाच्या रेडिओवरील नावाबरोबर) आपण विद्यार्थी असल्याचे सांगण्याची सोय आहे. ती अवश्य वापरावी, कारण त्यामुळे कंट्रोलर सावकाश आणि तुकड्यातुकड्यांनी सूचना देऊ शकतो. सूचना समजली नाही, तर ‘से अगेन’ म्हणण्यात कसलाही कमीपणा नाही. अंदाजाने होकार देणे मात्र धोक्याचे आहे.

सर्वाधिक काळजी रीडबॅकबाबत, म्हणजे मिळालेली सूचना परत बोलून दाखवण्याबाबत, घ्यावी. धावपट्टीवर प्रवेश करणे, ती ओलांडणे, तिच्याअलीकडे थांबणे, तिच्यावरून उलट दिशेने टॅक्सी करणे (विमान जमिनीवर चालवत नेणे), उड्डाण आणि लँडिंग, या प्रत्येक सूचनेचा पुनरुच्चार धावपट्टीच्या क्रमांकासह आणि आपल्या कॉलसाइनसह करणे बंधनकारक आहे. ‘रॉजर’चा अर्थ संदेश पोहोचला एवढाच आहे, त्यामुळे ‘होल्ड शॉर्ट रनवे टू सेव्हन’ (धावपट्टी २७ च्या अलीकडे थांबा) या सूचनेला ‘रॉजर’ हे उत्तर होऊच शकत नाही. तथापि रीडबॅक अचूक असला म्हणजे आकलनही अचूक असते, असे मानू नये. २ जानेवारी २०२४ रोजी टोकियोच्या हानेदा विमानतळावर तटरक्षक दलाच्या विमानाला ‘नंबर वन’ असे सांगून होल्डिंग पॉइंटपर्यंत टॅक्सी करण्याची सूचना मिळाली होती. वैमानिकांनी ती बरोबर वाचून दाखवली, तरीही विमान धावपट्टीवर गेले आणि उतरणाऱ्या प्रवासी विमानाशी त्याची धडक झाली. तटरक्षक विमानातील सहापैकी पाच जण दगावले. प्रवासी विमानातील सर्व ३७९ जण बाहेर पडू शकले. ‘नंबर वन’ हा केवळ क्रम असतो, परवानगी नसते. माझ्या मते रीडबॅकनंतर विद्यार्थ्याने प्रशिक्षकाला आपल्या भाषेत ‘आपण रेषेअलीकडे थांबणार आहोत’ असे मोठ्याने सांगण्याची सवय पहिल्या दिवसापासून लावली पाहिजे, कारण पाठ केलेले शब्द जिभेवरून निसटतात, पण अर्थ सांगताना गोंधळ लगेच उघड होतो.

ही रेषा ओळखणे सोपे आहे. टॅक्सीवेवर (धावपट्टीकडे नेणाऱ्या मार्गावर) आडव्या चार पिवळ्या रेषा असतात, दोन सलग आणि दोन तुटक. सलग रेषा आपल्या बाजूला असतील, तर पुढे जाण्यासाठी परवानगी लागते. शेजारच्या लाल पाटीवर पांढऱ्या अक्षरांत धावपट्टीचा क्रमांक असतो. जमिनीवर लाल दिव्यांची ओळ पेटलेली असल्यास ती ओलांडू नये, तोंडी परवानगी मिळाली असली तरीही. आधी कंट्रोलरला विचारावे. ‘लाइन अप अँड वेट’ (धावपट्टीवर जाऊन थांबा) ही सूचना मिळाल्यावर रेषा ओलांडण्यापूर्वी विमाने उतरण्याच्या अंतिम मार्गाकडे दोन्ही बाजूंना नजर टाकावी आणि धावपट्टीवर उभे राहिल्यावर होकायंत्राचा आकडा धावपट्टीच्या क्रमांकाशी जुळतो का (क्रमांक २७ म्हणजे सुमारे २७० अंश), हे पाहावे. उतरणाऱ्या विमानामागून प्रवेश करण्याची सशर्त परवानगी मिळाली, तर ते विमान आपल्याला प्रत्यक्ष दिसले पाहिजे आणि अटही रीडबॅकमध्ये आली पाहिजे. टॅक्सी करताना चेकलिस्टमध्ये डोके घालू नये. मार्ग इंजिन सुरू करण्याआधीच नकाशावर पाहून गुडघ्यावरील कागदावर लिहून ठेवावा.

उतरल्यानंतर विमान आवरण्याकडे आधी लक्ष द्यावे, उत्तर नंतर दिले तरी चालते. विमानाची शेपटीदेखील होल्डिंग रेषेपलीकडे गेल्याशिवाय ‘रनवे व्हेकेटेड’ कळवू नये. टॉवर नसलेल्या मैदानावर आपले स्थान आणि हेतू सर्वांसाठी जाहीर करावा, पण तिथे रेडिओ नसलेले विमानही असू शकते, म्हणून भिस्त डोळ्यांवर ठेवावी.

रेडिओ बंद पडल्यास आवाजाची पातळी, फ्रिक्वेन्सी आणि हेडसेटची जोडणी तपासावी, ट्रान्सपाँडरवर (रडारला विमानाची ओळख कळवणाऱ्या उपकरणावर) रेडिओ बंद असल्याचा ७६०० हा कोड लावावा आणि टॉवरच्या दिव्याकडे पाहावे. जमिनीवर स्थिर हिरवा दिवा म्हणजे उड्डाणाची परवानगी, तर लुकलुकता हिरवा म्हणजे केवळ टॅक्सीची. हा फरक पाठच असावा. हवेत स्थिर हिरवा दिवा लँडिंगची परवानगी देतो आणि स्थिर लाल दिवा इतरांना वाट देऊन घिरट्या घालत राहण्यास सांगतो.

टॅक्सी करताना आपण कुठे आहोत याबद्दल शंका आली, तर ती लपवू नये. ८ ऑक्टोबर २००१ रोजी मिलानच्या लिनाते विमानतळावर धुक्यात चुकीच्या टॅक्सीवेने गेलेले छोटे जेट वापरातील धावपट्टीवर शिरले आणि ११८ जणांचा बळी गेला. आपण धावपट्टीवर नाही याची खात्री असेल, तर तिथेच थांबून टॉवरला कळवावे. आपण धावपट्टीवर आहोत असे लक्षात आले, तर आपले शेवटचे माहीत असलेले स्थान तत्काळ कळवावे, जवळचा टॅक्सीवे सापडत असल्यास आणि वेगळी सूचना नसल्यास त्वरेने बाहेर पडावे, आणि मग थांबावे.