कीर्द, खतावणी आणि जावास्क्रिप्ट

आमचं कोल्हापूरच्या मार्केट यार्डात गुळाचं अडत दुकान. बीकॉम झाल्यावर सकाळी राजारामपुरीतल्या एका क्लासला जावास्क्रिप्ट ही प्रोग्रामिंगची भाषा शिकायला जायचं आणि दुपारी दुकानात बसायचं, असा माझा दिवस होता. क्लासमध्ये महिन्याभरात अट घालणारा इफ, तेच काम पुन्हा पुन्हा करणारे फॉर आणि व्हाईल हे लूप, माहिती ठेवायचे ॲरे, ऑब्जेक्ट सगळं शिकवून झालं. चांदण्यांचे त्रिकोण छापता यायला लागले, मूळ संख्या शोधता यायला लागल्या. पण कोरी फाईल उघडली की हात थांबायचा. नव्यानं शिकणाऱ्या बऱ्याच जणांची गाडी इथंच अडते, म्हणून माझी कशी सुटली ते सांगते.

दिवाळी पाडव्याला गुळाचे सौदे निघाले आणि दुकानात गर्दी सुरू झाली. शेतकऱ्याला द्यायची पट्टी, म्हणजे त्याच्या मालाचा हिशेब, आमचे आबा हातानं करायचे. वजन गुणिले दर, त्यातून हमाली आणि तोलाई वजा, उचल घेतली असेल तर तीही वजा. हीच पट्टी ब्राउझरमध्ये करायची असं मी ठरवलं. पहिल्या दिवशी मी शेतकरी१, शेतकरी२, वजन१, वजन२ अशी चाळीसभर व्हेरिएबल्स, म्हणजे एकेक किंमत ठेवायची नावं, लिहिली आणि प्रत्येकासाठी तेच इफ पुन्हा पुन्हा लिहिलं. नवीन माणूस आला की आणखी पाच ओळी. संध्याकाळी आबांनी स्क्रीनकडे बघितलं. त्यांना कोड कळत नाही, हिशेब कळतो. म्हणाले, "अगं, प्रत्येक माणसाला वेगळी वही घालतीस काय? कीर्द एकच असती."

बीकॉमला मी कीर्द आणि खतावणी पाठ केली होती. त्या दिवशी ती दोन्ही मला जावास्क्रिप्टमध्ये दिसली.

रोजकीर्द म्हणजे ॲरे. व्यवहार ज्या क्रमानं झाले त्याच क्रमानं एकाखाली एक. कीर्दीतली एक नोंद म्हणजे ऑब्जेक्ट: नाव, वजन, दर, उचल, प्रत्येक रकान्याला स्वतःचं नाव. आणि खतावणी म्हणजे नावावरून पान उघडणारी वही. तिथं क्रम महत्त्वाचा नाही, "या माणसाचं खातं दाखव" म्हटलं की ते लगेच सापडलं पाहिजे. त्यासाठी ऑब्जेक्ट, किंवा नावावरून नोंद देणारा त्याच्यासारखाच दुसरा प्रकार, मॅप.

मग कीर्दीवरून खतावणी करणं, म्हणजे खतवणं, हा कंट्रोल फ्लोचा, म्हणजे कोणती ओळ कधी चालायची याचा, धडा आपोआप झाला. फॉरनं कीर्दीतली एकेक नोंद घ्यायची. इफ त्या नावाचं पान नसेल तर नवीन उघडायचं. मग रक्कम त्या पानावरच्या बेरजेत मिळवायची. चाळीस व्हेरिएबल्स गेली, एक ॲरे राहिला. इफ दोनच उरले, एक पानासाठी आणि एक उचलीसाठी. माझं ठाम मत आहे की इफ आणि फॉर अवघड वाटतात तेव्हा बहुतेक वेळा माहिती चुकीच्या आकारात मांडलेली असते. आधी वही कोणती ते ठरवा, मग लूप लिहा. नोंदींचे असे गट पाडून देणारं ग्रुपबाय २०२४ च्या आवृत्तीपासून भाषेतच आलं आहे, पण पहिल्या चार-पाच वेळा स्वतःच्या हातानं खतवा.

कागदही सोडू नका. तीन नोंदींची खोटी कीर्द घ्या, प्रत्येक व्हेरिएबलला एक रकाना आखा आणि लूप ओळीओळीनं पेन्सिलीनं चालवा. एफ१२ दाबून एखाद्या ओळीवर ब्रेकपॉइंट, म्हणजे प्रोग्राम थांबायची खूण, लावला की ब्राउझर हेच करून दाखवतो. मला तरी ते कागदावर केल्यावरच कळलं. कन्सोलमध्ये, म्हणजे प्रोग्राम जिथं छापतो त्या खिडकीत, लॉगऐवजी टेबल वापरलं तर ॲरेतल्या नोंदी रकान्यांत मांडलेल्या दिसतात, वहीसारख्या.

आता जिथं माझे दिवस गेले त्या जागा.

एका पट्टीत बारा हजारांच्या गुळाचे ७९८५ रुपये निघाले. हमाली ४० आणि तोलाई १५, म्हणजे ११९४५ यायला हवे होते. आबा म्हणाले, "चार हजारांची हमाली कुठं असती?" इनपुटच्या चौकटीतून येतो तो आकडा नसतो, मजकूर असतो. अधिकचं चिन्ह दोन मजकूर नुसते चिकटवतं, म्हणून ४० आणि १५ चे ४०१५ झाले. वजाचं चिन्ह मात्र मजकुराचा गुपचूप आकडा करतं, त्यामुळे एररही आली नाही. चौकटीतून किंमत घेतानाच नंबर करून घ्या, नंतर नाही. तुलना तीन बरोबरच्या चिन्हांनी करा, दोननं नको, कारण तिथंही हेच गुपचूप रूपांतर होतं.

राजारामपुरीत गल्ल्या पहिलीपासून मोजतात, ॲरेत शून्यापासून. दहा नोंदी असतील तर शेवटची ९ वर. लूपच्या अटीत 'लेंग्थपेक्षा (नोंदींच्या संख्येपेक्षा) लहान' ऐवजी 'लहान किंवा समान' लिहिलं की तो १० वर जातो. तिथं काहीच नसतं, आणि त्यातलं वजन मागितलं की प्रोग्राम बंद पडतो. सगळ्या नोंदी घ्यायच्या असतील तर फॉर-ऑफ वापरा, मोजायचंच नको.

शेवटची अडचण शोधायला मला दोन रात्री लागल्या. पावती क्रमांकावरून नोंद सापडावी म्हणून मी ऑब्जेक्ट केला होता. पावतीपुस्तकं दोन. आधी ७०५ नंबरची पावती फाडली, मग ३१२ ची. यादी छापली तर ३१२ वर आणि ७०५ खाली. लूप तपासला, ठीक होता. ऑब्जेक्टचा नियमच तसा आहे: कीज म्हणजे ज्यावरून नोंद शोधायची ती नावं; त्यातल्या पूर्णांकासारख्या आधी, चढत्या क्रमानं येतात, बाकीच्या टाकल्या त्या क्रमानं. १९९५ मध्ये आलेल्या या भाषेत मॅप २०१५ ला आला, आणि नोंदी टाकल्याचा क्रम मॅप मोडत नाही. ऑब्जेक्टच्या जागी मॅप घातला, यादी पुन्हा छापली. आबांनी ती कीर्दीशेजारी ठेवून लाल पेन्सिलीनं एकेक खूण करत ताडून बघितली आणि पट्ट्या वाटायला घेतल्या.