ऑफिस आणि कोकण दोन्हीला चालेल अशी फ्रेम कशी बघायची

एकच सायकल घ्यायचीय, आठवडाभर ऑफिसला आणि वर्षातनं एक-दोनदा मागे पिशव्या लावून ताम्हिणी उतरून कोकणात, असा प्लॅन असेल तर गिअर किती हे जरा बाजूला ठेवा, ते नंतर बदलता येतं. फ्रेम बदलता येत नाही.

आधी स्वतःचं माप घ्या. अनवाणी भिंतीला पाठ लावून उभं राहायचं, पायांच्या मधे एक जाड पुस्तक सीटसारखं वर घट्ट दाबून धरायचं आणि पुस्तकाच्या वरच्या कडेपासून जमिनीपर्यंत टेप लावायचा. आलेल्या आकड्याला ०.८८३ ने गुणलं की मधल्या धुरीपासून (दोन्ही पायडलचे दांडे जिला जोडलेले असतात ती) सीटच्या माथ्यापर्यंतची उंची साधारण मिळते, म्हणजे ८० सेमी आलं तर साडेसत्तरच्या आसपास. पण सीट खालीवर होतेच हो, खरी गोम हँडलची आहे.

दुकानदार सांगतो "तुम्हाला एम बसेल". एका कंपनीचा एम दुसऱ्या कंपनीच्या एलएवढा असू शकतो, त्यामुळे वेबसाइटवर जिऑमेट्रीचा तक्ता असतो तो उघडा आणि त्यातले स्टॅक आणि रीच हे दोन आकडे बघा. धुरीपासून हेड ट्यूबच्या (फ्रेमची हँडलखालची पुढची नळी) वरच्या टोकापर्यंत सरळ उभं अंतर म्हणजे स्टॅक, आणि त्याच दोन जागांमधलं आडवं अंतर म्हणजे रीच. स्टॅक जास्त, रीच कमी, की तुम्ही ताठ बसणार. स्टॅकला रीचने भागून दीडच्या वर आलं तर बरं, १.४ च्या आसपास आलं तर ती रेसवाली, मान अवघडणार. हा हिशोब वाकड्या हँडलच्या म्हणजे ड्रॉप बारच्या सायकलींचा बरं का, सरळ हँडलच्या हायब्रिडमधे रीच मुद्दाम जास्त ठेवतात कारण हँडल पुढे जात नाही, म्हणून या दोन जातींचे आकडे एकमेकांशी लावत बसू नका.

स्टेम, म्हणजे हँडल धरून ठेवणारा पुढचा तुकडा, बदलून दोनेक सेंटीमीटर इकडेतिकडे करता येतं, त्याहून जास्त फरक असेल तर फ्रेमच चुकीची. आणि नवीन सायकल जोडताना चिमट्याची (पुढच्या फोर्कची) वरची नळी कापू देऊ नका, स्टेमखाली स्पेसर म्हणजे चकत्या राहू देत, एकदा कापली की हँडल वर घ्यायला फारशी जागा उरत नाही.

टूरिंगसाठी अजून एक आकडा, चेनस्टे. धुरीपासून मागच्या चाकाच्या मध्यापर्यंतची लांबी. रेसच्या सायकलला ४१० मिमीच्या आसपास असते, तिथे पॅनिअर (कॅरिअरच्या बाजूंना लावायच्या पिशव्या) लावले की टाच प्रत्येक फेऱ्याला पिशवीला लागते, ४४० च्या पुढे असेल तर ९ नंबरचा बूटही सुटतो आणि उतारावर लोड घेऊन सायकल डगमगत नाही. आपल्या किनाऱ्याचा रस्ता म्हणजे खाडीला उतरा, सायकल तरीत (होडीत) चढवा, परत सड्यावर (वरच्या कातळपठारावर) चढा, त्यामुळे उतारावर स्थिर राहणारी फ्रेम इथे फार उपयोगी. हेड अँगल, म्हणजे हेड ट्यूबचा जमिनीशी कोन, ७१-७२ अंश असला की बास.

उंची सव्वापाच फुटाच्या आत असेल तर वळताना पायाचा अंगठा पुढच्या चाकाला लागतो का नक्की बघा, लहान फ्रेमला ७०० सी म्हणजे मोठी चाकं बसवली की हे होतं. लागत असेल तर लहान चाकाची सायकल बघा.

आता स्टील की अॅल्युमिनिअम, या वादात लोक तासन्‌तास घालवतात. खरं सांगायचं तर खड्ड्यांचा धक्का टायर खातो, फ्रेमची नळी नाही. म्हणून मडगार्ड लावून ३८-४० मिमीचं टायर बसेल एवढी जागा आहे का ते विचारा, पावसाळ्यात मडगार्ड लागणारच. मग अॅल्युमिनिअम पण चालतं. क्रोमोली (क्रोमियम-मॉलिब्डेनमचं) स्टील चांगलंच, पण "कुठल्याही गावात वेल्डिंग होतं" यावर जाऊ नका, त्या नळ्या मधे अर्धा-पाऊण मिमीच्या असतात, ग्रिल करणाऱ्याच्या आर्क वेल्डिंगने भोक पडायचं. साधं हाय-टेन स्टील मजबूत पण जड. पुढचं स्वस्त सस्पेन्शन मात्र नकोच, दीड-दोन किलो वजन वाढतं, आणि चढाला उभं राहून पायडल मारलं की नुसतं डुलतं.

कॅरिअर आणि मडगार्डसाठी मागे वेगवेगळी भोकं हवीत, एकाच स्क्रूवर दोन्ही कोंबलं की तो ढिला होतो. बाटलीच्या दोन जागा बघा, तीन असल्या तर सोन्याहून पिवळं.

आणि ट्रायल दुकानापुढे एक फेरी मारून होत नाही, निदान अर्धा तास मागा. तळवे बधिर होत असतील किंवा कोपर ताठ करून बसावं लागत असेल तर एक साइज लहान मागून बघा, आणि दुकानदार नाही म्हणाला तर दुसरं दुकान गाठा.